महालक्ष्मीच्या कमरेची चाबी

वामनरावांच्या तोंडून 'नाही' हा शब्द निघत नसे. आता भिडस्त माणसं पुष्कळ असतात, तुम्ही म्हणाल त्यात काय एवढं. पण भिडेलाही काही हद्द असते की नाही? त्यांच्या त्रिमूर्तीनगरच्या घरात पाणी गाळायची दोन यंत्रं होती. पहिलं बसवून झाल्यावर दुसऱ्या कंपनीचा माणूस दारात आला, आणि आधीच घेतलंय म्हणताच त्याचं तोंड एवढंसं झालं, म्हणून दुसरं. शेजाऱ्यांची लग्नपत्रिका चुकून यांच्या पेटीत पडली, तर हे आहेर घेऊन लग्नाला हजर! कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत तेव्हा नापास झालेली पोरं घरी येऊन नुसती मान खाली घालून बसत. मार्क काही वाढत नसत, पण पोह्यांच्या दोन-दोन बश्या होत आणि जाताना वामनरावच त्यांची माफी मागत.

रिटायर झाल्यावर त्यांना रानभाज्यांचा नाद लागला. पारशिवनीच्या बाजूला धोंडबा म्हणून एक शेतकरी त्यांच्या ओळखीचा होता. त्याच्यासोबत गावोगाव फिरायचं, तरोटा, केना, कुंजर, कुड्याची फुलं यांचे फोटो काढायचे, गावातल्या बायकांना विचारून कोणती भाजी कशी निवडतात, कशी शिजवतात ते त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करायचं. प्रत्येक घरी चहा विचारत आणि हे प्रत्येक घरी पीत. परतीच्या बसमध्ये छाती जळत राही, पण चेहरा असा फुललेला की त्यांच्या बायकोला, देवकीला वाटे, बुवा देव भेटला की काय यांना. असं वर्षानुवर्षं चाललं. जुना लॅपटॉप एक दिवस गचकला तेव्हापासून हे सगळं भांडार त्यांच्या ऑनलाइन खात्यात होतं, दुसरीकडे कुठेच नाही. दिवाळीनंतर त्याचं पुस्तक निघायचं होतं.

पण मागच्या वर्षी एक भानगड झाली होती. फोनवर कोणीतरी 'सर, सर' करत गोड बोललं आणि वामनरावांनी मोबाइलवर आलेला ओटीपी त्याला वाचून दाखवला. झालं! त्यांचं व्हॉट्सॲप त्या भामट्याच्या हाती गेलं आणि साऱ्या गोतावळ्याला निरोप गेले, 'मी फार अडचणीत आहे, ताबडतोब मदत करा.' वर्ध्याची मावशी दवाखान्यात मुक्काम करायचा म्हणून चादर, तांब्या आणि कपड्यांचं गाठोडं घेऊन दारात उतरली. वामनराव तेव्हा अंगणात भेंडीला पाणी घालत होते. मावशी चांगली आठवडाभर राहिली आणि रोज जेवताना तोच विषय काढत राहिली.

तेव्हा पुतण्या केयूरनं हे चाबीचं प्रकरण घरात आणलं. केयूर म्हणजे थोरल्या वहिनींचा, सिंधूताईंचा मुलगा. मायलेक वरच्या मजल्यावर राहत आणि तो मिहानमधल्या एका कंपनीत कामाला होता. त्यानं आणलेली चाबी दिसायला पेन ड्राइव्हसारखी, काळी, अंगठ्याच्या पेराएवढी, एका बाजूला सोनेरी पट्टी.

"काका, आता तुम्ही पासवर्ड कोणाले सांगून बसले तरी खातं उघडत नाही," केयूर म्हणाला. "ही लॅपटॉपले लावायची, तिच्यावर बोट ठेवायचं, तेव्हाच आत जाता येते. दोन घेतल्या. एक तुमच्यापाशी, एक पुण्याले तुमच्या पोरीकडे, उन्नतीकडे."

"आन फोनवर कोणी मागतली तं?" देवकीनं विचारलं.

"फोनमधून कशी देतील काकू?" केयूर हसला.

देवकी हसली नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, नवऱ्याची तिला पुरती ओळख होती. वामनराव मात्र खूश झाले. चाबी चष्म्याच्या घरात ठेवली आणि येईल त्याला काढून दाखवू लागले. दूधवाल्यालासुद्धा!

भाद्रपदात घरी महालक्ष्म्या बसल्या. नागपुरात हा सण म्हणजे काय असतो ते नागपूरकरांना सांगायला नको आणि बाकीच्यांना सांगून कळायचं नाही. ज्येष्ठा आणि कनिष्ठा अशा दोघी, उभ्या बाईएवढ्या, शालू-दागिन्यांनी मढवलेल्या, वर टांगलेला करंज्या-पापड्यांचा फुलोरा, पुढे पुरणावरणाचा नैवेद्य आणि सोळा भाज्या. शिवाय या घरची आणखी एक खास रीत होती. देवी माहेरी येतात ते तीन दिवस घर त्यांच्या हवाली. म्हणून घरातल्या झाडून साऱ्या चाब्या एका चांदीच्या छल्ल्यात ओवायच्या आणि तो छल्ला ज्येष्ठेच्या कमरेला खोचायचा. कपाटाची, कोठीची, इतकंच काय, स्कूटरचीही चाबी. जे लागेल ते आधी काढून ठेवा, विसरलं तर विसरलं. एका वर्षी वामनरावांचे सगळे सदरे कपाटात राहिले आणि त्यांनी पंगत बनियनवर वाढली. या सगळ्याची राखण सिंधूताईंकडे. एकदा देवी बसल्या की तिसऱ्या दिवशी निरोपाच्या अक्षता पडेपर्यंत त्यांना हात लावायची कोणाची छाती नव्हती.

दुसरा दिवस महापूजेचा. स्वयंपाकघरात पुरण शिजत होतं, सवाष्णी यायच्या होत्या. बायकांनी वामनरावांना बैठकीत केळीची पानं पुसायला बसवलं होतं. तेवढ्यात फोन वाजला.

"नमस्कार सर, खाता सुरक्षा विभाग से जितेंद्र बोल रहा हूं. सर, आप प्रोफेसर हैं ना?"

प्रोफेसर म्हटल्यावर वामनराव पान खाली ठेवून सावरून बसले. जितेंद्र फार अदबीनं बोलत होता. सरांच्या खात्यातून काही गैरप्रकार झाले होते. म्हणून ते आज संध्याकाळी पाच वाजता कायमचं बंद होणार होतं, आतलं सगळं पुसलं जाणार होतं. पण सरांसारखा सज्जन माणूस पाहून जितेंद्रला वाईट वाटत होतं आणि तो मदत करू शकत होता.

मागच्या वर्षीचा चटका होता, नाही असं नाही. पासवर्ड मागितल्यावर वामनराव जरा घुटमळले. पण जितेंद्र इतक्या दुखावल्या स्वरात "सर, भरोसा नहीं है क्या मुझ पर?" म्हणाला की यांचा जीव पाणी पाणी झाला. शिवाय चाबी होतीच की आपल्याकडे, मग भीती कसली? पासवर्ड सांगितला. त्यानं सांगितलेलं एक ॲप लॅपटॉपवर टाकलं. आता लॅपटॉपच्या पडद्यावरचं सगळं तिकडे जितेंद्रला दिसत होतं आणि जितेंद्र तिथून बाणही हलवत होता. वामनरावांना त्याच्या हुशारीचं कौतुकच वाटलं!

"सर, ये तो चाबी मांग रहा है. लगा दीजिए और उंगली रख दीजिए."

वामनरावांनी चष्म्याचं घर उघडलं. आत चष्मा पुसायचं फडकं होतं. चाबी नव्हती.

"देवकी, माझी चाबी कुठं गेली?"

"आज चाब्या कुठं असतात?" देवकी पुरण वाटता वाटता मान वर न करता म्हणाली.

वामनराव देवीच्या खोलीत गेले. ज्येष्ठेच्या हिरव्यागार शालूवर छल्ला झळकत होता, आणि त्यात कपाटाच्या नि स्कूटरच्या चाबीच्या मधोमध त्यांची काळी चाबी लटकत होती. तिलाही हळदीकुंकवाचं बोट लागलं होतं.

"वहिनी," त्यांनी आवाज शक्य तितका मऊ केला, "ती एक चाबी पाच मिनिटं काढू देता का? लगेच परत लावतो."

सिंधूताई समईची वात सारत होत्या. "भाऊजी, गणपतीले म्हणता का, पाच मिनिटं सोंड द्या म्हणून? उद्या अक्षता पडल्या का घ्या तुमची चाबी. आता पानं पुसा जा."

वामनराव अंगणात आले आणि त्यांनी जितेंद्रला परिस्थिती समजावून सांगितली. त्यांचं हिंदी नागपुरी वळणाचं, त्यात घाबरलेलं.

"वो क्या है ना, चाबी महालक्ष्मी के कमर में अटकी है."

"महालक्ष्मी कौन, सर? मैडम?"

"नहीं, नहीं. देवी है. घर पे आई है. कल शाम को जाएगी."

"तो देवी जी से मांग लीजिए ना, सर."

"ऐसा नहीं मांगते. खड़ी है वो. कल शाम को विसर्जन के बाद लगाता हूं, तब तक आप ठहरेंगे क्या?"

अशा अडचणीसाठी जितेंद्रला बहुधा कोणी तयार केलं नव्हतं. मग त्याचा स्वर करडा झाला. "सर, पांच बजे सब डिलीट. फिर मैं भी कुछ नहीं कर पाऊंगा."

फोटो एक वेळ पुन्हा काढता येतील, पण आवाज? कुंजराची भाजी कशी करायची हे सांगताना हसू आवरत नव्हतं अशी एक म्हातारी त्या खात्यात होती आणि ती उन्हाळ्यातच वारली होती. तिला पुन्हा कुठून आणणार? वामनरावांनी केयूरला फोन लावला. लागला नाही. मिहानमध्ये तो काम करी तिथं फोन बाहेर ठेवून आत जावं लागे. माणसानं करायचं तरी काय?

नैवेद्य दाखवून झाला. आरती झाली. मग रीतीप्रमाणे देवींपुढे पडदा ओढला आणि सगळे बाहेर आले. देवी जेवत असताना कोणी बघायचं नसतं, बोलायचं नसतं. बायका ओसरीवर गप्प बसल्या. सिंधूताईंनी डोळे मिटले होते. आणि वामनराव, जन्मात कोणाच्या वाटेला न गेलेला हा माणूस, जितेंद्रचा पुन्हा आलेला फोन सदऱ्याच्या खिशात चालूच ठेवून मागच्या दारानं पडद्याआड शिरला.

"माते, माफ कर," ते पुटपुटले आणि छल्ल्याला हात घातला.

छल्ला निघेना. निघेल कसा? सिंधूताईंनी तो शालूला, शालू कंबरपट्ट्याला आणि कंबरपट्टा आतल्या लाकडी घडवंचीला अशा पिना मारल्या होत्या की वादळ आलं तरी ज्येष्ठेचा पदर ढळू नये. वामनरावांनी जरा ओढलं. ज्येष्ठा हलली. त्यांनी घाईनं सोडलं, तर ती दुसऱ्या बाजूला कलली, मुखवटा तिरपा झाला आणि ती त्यांच्याच अंगावर येऊ लागली. वामनरावांनी दोन्ही हातांनी तिला कवळ घातली. गाल शालूत रुतला. वरच्या फुलोऱ्यातली एक करंजी सुटून त्यांच्या टकलावर फुटली. आणि खिशातून खणखणीत आवाज आला, "सर, चाबी मिली क्या? हैलो? सर, ज़ोर से खींचिए!"

पडदा सर्रकन बाजूला झाला.

पुढे सिंधूताई, त्यांच्या मागे देवकी, तिच्या मागे नथी घातलेल्या झाडून साऱ्या सवाष्णी.

"भाऊजी!" सिंधूताई ओरडल्या. "देवी जेवून राहिली, आन तुम्ही तिची कंबर धरून राहिले?"

"वहिनी, सोडलं तर पडेल हो!"

मग चार बायका धावल्या. कोणी घडवंची धरली, कोणी मुखवटा सावरला. वामनरावांना देवीपासून सोडवून बाजूला केलं. त्यांच्या टकलावरून सारण गळत होतं आणि खिसा अजून "हैलो, हैलो" करत होता. सिंधूताईंनी सरळ त्यांच्या खिशात हात घालून फोन काढला.

"कोण हायेस रे तू?"

"मैडम, मैं सुरक्षा विभाग से..."

"सुरक्षा? जेवत्या देवीच्या कमरेले हात घालायले लावते, ते कोणती सुरक्षा रे? माय-बाप हायेत का नाही तुले? थांब, नाव सांग तुह्यं पूर्ण! गाव सांग!"

नाव नाही, गाव नाही. जितेंद्रनं फोन ठेवला.

केयूर मिहानहून आला तेव्हा शेवटची पंगत बसली होती. काकांनी चाचरत सगळं सांगितलं आणि त्याचा चेहरा उतरला. त्यानं आधी लॅपटॉपचं नेट तोडलं, ते ॲप काढलं आणि मग हात धुवून पानावर बसला.

"काका, खात्याच्या विभागातून असा फोन कोणीच करत नाही. भामटा होता तो. पासवर्ड तुम्ही दिला, लॅपटॉप उघडून दिला. राहिली होती ते फक्त चाबी. लावून बोट ठेवलं असतं, तं तो आत आन तुम्ही बाहेर. तुमच्या भाज्या गेल्याच होत्या."

"मग आता?"

"आता पासवर्ड बदलायचा. पण बदलायलेही चाबी लागते, आन उन्नती तिची चाबी पुण्याले ठेवून सणाले सासरी गेली. उद्या अक्षता पडल्या का पयले तेच काम. तोवर तो दारातच उभा हाय, आत नाही येऊ शकत."

"महालक्ष्मीनंच वाचवलं गं माय," कोणी सवाष्ण म्हणाली.

"महालक्ष्मीनं कसं?" सिंधूताई म्हणाल्या. "मी तं म्हटलं होतं, हे काळं ठोकळं काय चाबी हाय का? कुलूप नाही, काही नाही. देवकीच आयकेना. तिनंच ओवली."

सगळ्यांनी देवकीकडे पाहिलं. ती कढी वाढत होती.

"काहून वं?" वामनरावांनी विचारलं.

"सणाची गर्दी. दहा लोकं येणार, फोन येणार. कोणी दोन शब्द गोड बोललं का तुम्ही देऊन मोकळे."

"म्हणजे तुझा माझ्यावर भरोसाच नाही."

"आहे ना," देवकी म्हणाली. "तुम्ही कोणालेच नाही म्हणणार नाही, यावर माझा पूर्ण भरोसा आहे."

पंगत खो खो हसली. वामनरावही हसले, पाहुण्यांसमोर हसावंच लागतं. पण हातातला पुरणपोळीचा घास त्यांनी परत पानात ठेवला. बाईला राग आला असता तर परवडलं असतं. ती तर अशी बोलली की जणू दुधावर साय येते एवढी साधी गोष्ट सांगतेय. आणि खरं होतं म्हणूनच लागलं. हात धुताना त्यांनी आरशात पाहिलं आणि स्वतःशीच 'नाही' म्हणून पाहिलं. आवाज उसना आणल्यासारखा वाटला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हळदीकुंकू झालं, दहीभाताचा नैवेद्य झाला, अक्षता पडल्या. देवींना 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणताना सिंधूताईंचे डोळे दरवर्षीप्रमाणे भरून आले. मग त्यांनी पिना काढल्या, छल्ला सोडवला आणि काळी चाबी अलग करून वामनरावांच्या तळहातावर ठेवली. केयूर अजून घरी यायचा होता. तो आल्यावर पासवर्ड बदलायचा, म्हणून वामनराव लॅपटॉप उघडून चाबी हातात धरून बैठकीत बसले. आणि फोन वाजला.

"नमस्कार सर. जितेंद्र. विसर्जन हो गया क्या?"

वामनरावांनीच तर सांगितलं होतं ना, उद्या संध्याकाळी म्हणून. स्वयंपाकघराच्या दारात देवकी येऊन उभी राहिली. तिच्या हातात कुंकवाचं ताट होतं.

"सर, आपके लिए मैंने ऊपर हाथ जोड़के एक दिन रुकवाया. अब आप चाबी नहीं लगाएंगे तो मेरी नौकरी चली जाएगी, सर. घर पे छोटी बच्ची है."

हा चोर आहे, हे वामनरावांना पक्कं ठाऊक होतं. बच्ची खोटी, नोकरी खोटी, हेही ठाऊक होतं. आणि तरी, काय सांगावं, त्या खोट्या बच्चीसाठीसुद्धा त्यांचा जीव तुटायला लागला. तोंडात 'हो'ची जुळवाजुळव सुरू झाली. हात चाबीसकट लॅपटॉपकडे निघालासुद्धा. मग त्यांना उन्हाळ्यात गेलेली ती म्हातारी आठवली, कुंजराची भाजी सांगताना हसणारी. त्यांनी चाबी मुठीत घट्ट आवळली.

"नाही," वामनराव म्हणाले.

"क्या, सर?"

"नाही. नाही लावत. नाही म्हणजे नाही!"

जन्मात पहिल्यांदा कोणाला तरी तोंडावर नाही म्हटलं होतं आणि आभाळ काही कोसळलं नव्हतं. आता फोन ठेवायचा. पण एवढं कडक बोलून, राम राम न करता, माणसाचा फोन असा एकदम ठेवून द्यायचा? हे काही त्यांच्यानं होईना.

"बरं, ते जाऊ द्या," ते हळूच म्हणाले. "जेवले का तुम्ही?"

देवकीनं ताट खाली ठेवलं, दोन पावलांत बैठक ओलांडली, त्यांच्या हातातून फोन घेतला आणि बंद करून टाकला.

"नाही म्हटलं ना मी?" वामनराव तिच्याकडे बघत होते. "ऐकलं ना तू?"

"आयकलं," देवकी म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि तिला हसूही आवरत नव्हतं. "चांगलं ठणकावून म्हटलं. म्हणूनच म्हटलं, आता तुम्ही त्याले पुरणपोळ्या पाठवायले पत्ता विचारायच्या आत फोन ठेवून द्यावा."